सांध्यांची सूज: कांदा-भाकर पुरे की कॅप्सूल?

गोदाकाठ, परभणी
आईला आमवात आहे. परवा एका नातेवाइकानं क्वेर्सेटिनच्या कॅप्सूलचा डबा आणून दिला, म्हणे सूज उतरते. क्वेर्सेटिन हे कांद्यातलंच फ्लॅव्होनॉइड, म्हणजे वनस्पतीत असणाऱ्या द्रव्यांपैकी एक, मग विकत कशाला घ्यायचं? पेशीत सूज चेतवणारी एनएफ-कप्पा-बी नावाची कळ ते दाबतं, हे प्रयोगशाळेत अनेकदा दिसलंय. कांद्यात ते ग्लुकोजला जोडलेलं असतं, म्हणून सफरचंदातल्यापेक्षा जास्त अंगी लागतं. नेदरलँड्समधल्या झुटफेनच्या 805 म्हाताऱ्या पुरुषांचा अभ्यास 1993 ला छापून आला. चहा, कांदा, सफरचंदातून फ्लॅव्होनॉइड जास्त घेणारे हृदयविकारानं कमी दगावले. कांदा-भाकर आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी हेच आपलं औषध, असं माझं ठाम मत आहे.

पांढरी माती
दादा, डबा नको हे पटलं. "हेच औषध" हे मात्र अजिबात नाही. प्रयोगशाळेत पेशींवर क्वेर्सेटिन ओततात ते रक्तात कधी सापडणार नाही इतकं दाट. आपण खाल्लेलं आतड्यात आणि यकृतात लगेच रूप पालटतं, मूळ रूपात जवळजवळ उरतच नाही. हिशोब करा: 100 ग्रॅम कांद्यात साधारण 20 ते 40 मिलिग्रॅम. ज्या चाचण्यांत रक्तातला सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारा घटक, थोडासा उतरला, तिथं रोज 500 मिलिग्रॅम किंवा जास्त दिलेलं. म्हणजे रोज सव्वा ते अडीच किलो कांदा! झुटफेनचं म्हणाल, तर कांदा-सफरचंद खाणारा माणूस आणखी कसा जगतो हे त्यातून पुरतं वेगळं काढता येत नाही. 2022 च्या कॉसमॉस चाचणीत 21 हजारांवर लोक होते, निम्म्यांना कोकोतली फ्लॅव्हॅनॉल, म्हणजे त्यातली फ्लॅव्होनॉइडं, रोज 500 मिलिग्रॅम दिली. हृदयविकाराच्या एकूण घटनांत ठोस घट दिसली नाही.

गोदाकाठ, परभणी
त्याच चाचणीत हृदयविकारानं होणारे मृत्यू 27 टक्के कमी होते. ते का गाळलंत?

पांढरी माती
तो चाचणीचा मुख्य प्रश्न नव्हता म्हणून. मुख्य प्रश्नाचं उत्तर नकारार्थी आलं की बाजूच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. आणि ही गोष्ट हृदयाची आहे, आईच्या बोटांची नाही.

बागायतदार, जालना
आमची मोसंबीची बाग आहे. मोसंबीतलं हेस्पेरिडिन, तेही फ्लॅव्होनॉइडच, सालीखालच्या पांढऱ्या भागात आणि फोडींच्या पापुद्र्यात जास्त. लोक नेमकं तेच सोलून टाकतात अन् रस गाळून पितात. कांद्याचंही तसंच, वरच्या पाकळ्यांत क्वेर्सेटिन जास्त, आपण दोन-तीन पाकळ्या उकिरड्यावर फेकतो. उकळलं तर ते पाण्यात उतरतं, पण येसराच्या आमटीत रस्साच ओरपतो आपण, वाया काही जात नाही. ज्वारीचं मात्र उगी कौतुक नको. तसली फ्लॅव्होनॉइड रंगद्रव्यं लाल-काळ्या दाण्यात असतात, आपली मालदांडी पांढरी. ती खावी ती तिच्या चवीसाठी, कोंड्यासाठी.

ओसरी
गोदाकाठदादा, तुमचं "हेच औषध" वाचून हात थरथरला. माझ्या मावशीला कुणीतरी असंच सांगितलं. तिनं मेथोट्रेक्सेट, म्हणजे आमवाताची गोळी, सोडली, आठ महिने हळदीचं दूध अन् कच्चा कांदा. आज तिला भाकरी थापता येत नाही, बोटं वाकलीत. आमवातात सांधा आतून झिजतो, अन् झिजलेला परत भरत नाही. कांदा चांगलाच आहे हो, मीही रोज खाते. पण चार शब्द सैल लिहिले की कुणाच्यातरी घरी गोळी बंद होते.

गोदाकाठ, परभणी
ताई, ते वाक्य चुकलं, मागं घेतो. आईची आठवड्याची गोळी मीच हातात देतो, ती थांबणार नाही. पण कांदा कुचकामी हेही मी मानत नाही. तीस-चाळीस वर्षं रोज थोडं थोडं पोटात गेल्याचा परिणाम बारा आठवड्यांच्या चाचणीत कसा दिसावा? यावर बोला, माती.

पांढरी माती
बरोबर विचारलंत, तिथं माझ्याकडंही उत्तर नाही. मात्र डबा परत करायच्या आधी आईच्या डॉक्टरांना दाखवा. दोन-चार कॅप्सूल पोटात गेल्या असतील तर तेही सांगा, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी.