अनुभव हवेत: कॉलेजच्या अर्जाआधीचं समर मुलांनी कसं घालवलं?

माझा मुलगा टेन्थ ग्रेडला आहे. मागच्या आठवड्यात त्याच्या मित्रांच्या आया भेटल्या तर प्रत्येकीचं पुढच्या समरचं, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीचं, ठरलेलं, कुणाचं रिसर्च कुणाचा कॅम्प, आमचं अजून काहीच नाही म्हटल्यावर मला रात्री झोप लागेना. इथे अमेरिकेत ज्यांची मुलं या सगळ्यातून गेलीत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा. अ‍ॅडमिशन कुठे झाली ते नाही सांगितलंत तरी चालेल, मुलाला त्यातून काय मिळालं ते मला हवंय.

* * *

आमचा अनुभव आधी सांगते कारण त्यात आमचे साडेपाच हजार डॉलर गेले. मोठ्या नावाच्या कँपसवर दोन आठवड्यांचा प्रोग्राम होता, आम्हाला वाटलं युनिव्हर्सिटीचाच आहे, तिथे गेल्यावर कळलं की बाहेरच्या कंपनीने फक्त जागा भाड्याने घेतलीय आणि शिकवणारेही त्यांचेच. लेक मजेत होती, मैत्रिणी झाल्या, ते मी नाकारत नाही. पण पुढच्या वर्षी कॉमन अ‍ॅप (एकाच फॉर्मवर अनेक कॉलेजांना अर्ज करायची ऑनलाइन सोय) भरायला बसली तेव्हा, त्यात एकूण दहा अ‍ॅक्टिव्हिटी लिहिता येतात आणि प्रत्येकीच्या वर्णनाला १५० अक्षरं, स्पेस धरून. तर ती अर्धा तास स्क्रीनकडे बघत बसली, म्हणाली आई मी तिथे लेक्चर्स ऐकली, यापुढे काय लिहू? आता मी सगळ्यांना सांगते, पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी विचारा: शिकवतं कोण, निवड कशी होते, आणि शेवटी मुलाने स्वतः केलेलं असं काय हातात राहतं. जे खरंच निवडून घेतात त्यातले बरेच फुकट असतात, एमआयटीतलं आरएसआय (शाळकरी मुलांचा रिसर्चचा समर प्रोग्राम) बघा, १९८४ पासून आहे, फी नाही, पण जेमतेम शंभरेक मुलं घेतात.

* * *

एच-फोरवर (एच-वन वर्क व्हिसावर आलेल्यांच्या बायकोमुलांचा व्हिसा) असलेल्यांसाठी लिहितो, कारण हे कुणी सांगत नाही आणि ऐनवेळी मुलाचा हिरमोड होतो. एच-फोरवरच्या मुलाला पगाराचं काम करता येत नाही, स्टायपेंड असेल तरी आधी वकिलाला विचारून घ्या. बऱ्याच फुकट प्रोग्राम्सना सिटिझन किंवा ग्रीन कार्ड लागतं, एमआयटीच्या माइट्स समरचंही तसंच. आमच्याकडे यावरून रडारड झाली होती. मग मुलगा लायब्ररीत व्हॉलंटिअर म्हणून जायला लागला, म्हाताऱ्या लोकांना फोन शिकवायला. एक आजोबा दर मंगळवारी यायचे, फोटो कसा पाठवायचा ते चारदा सांगूनही घरी गेल्यावर विसरायचे. याने काय केलं, एका कागदावर एकच पायरी, मोठ्या ठळक अक्षरात, बाजूला बटणाचं चित्र हाताने काढलेलं, असे नऊ कागद स्टेपल करून दिले. पुढच्या मंगळवारी आजोबांनी बसल्या बसल्या त्यालाच मांजराचा फोटो पाठवला! तो घरी आला तेव्हाचा त्याचा चेहरा मला अजून आठवतो. दुसऱ्या समरला लायब्ररीने तसे कागद काउंटरवर ठेवायला मागून घेतले. हे त्याला कुणी कर म्हणून सांगितलेलं नव्हतं.

* * *

मी आई-बाबांपैकी नाही, स्वतः कॉलेजला आहे, दुसरं वर्ष. दोन समर आइस्क्रीमच्या दुकानात काम केलं. घरी वाटायचं हे काय अर्जात लिहायचं, पण कॉमन अ‍ॅपमध्ये पगारी कामाचा वेगळा प्रकारच आहे. एका रात्री दुकान बंद करताना गल्ल्यात ११ डॉलर कमी आले, मी आणि माझ्याहून लहान मुलगा दोघेच होतो, तो पार घाबरलेला, आम्ही दीड तास एकेक पावती जुळवत बसलो आणि शेवटी सापडलं की एक बिल दोनदा मारलं गेलं होतं. माझा अर्जातला एसे (निबंध) त्या दीड तासावर आहे. लहान मुलांच्या पालकांसाठी: १४-१५ वर्षांच्या मुलांना शाळा नसताना फेडरल नियमाने आठवड्याला ४० तासांपर्यंत काम करता येतं, १ जून ते लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) रात्री ९ पर्यंत. काही राज्यांत नियम आणखी कडक आहेत, अल्पवयीन मुलांसाठीचं वर्क परमिटही लागतं, ते शाळेत विचारा.

* * *

आमच्याकडे त्या वर्षी सासूबाई आजारी होत्या, लेकीने पूर्ण समर त्यांची औषधं आणि धाकट्या भावाचं जेवणखाण बघितलं. शाळेच्या काउन्सिलर म्हणाल्या, अर्जात फॅमिली रिस्पॉन्सिबिलिटीज (घरच्या जबाबदाऱ्या) असा प्रकार आहे, आठवड्याचे तास खरे खरे लिहा. लिहिले. संकोच करू नका.

* * *

फुकट तेच चांगलं असं मात्र नाही हां. मुलाला गणिताचं वेड, म्हणून बॉस्टन युनिव्हर्सिटीतल्या प्रॉमिस या गणिताच्या समर प्रोग्रामला अर्ज केला, १९८९ पासून चालू आहे, सहा आठवडे, फी आहे पण मदतही मिळते. अर्जाबरोबर ते गणितं देतात आणि ती सोडवून पाठवायची असतात. हा जवळजवळ महिनाभर त्यांच्या मागे, जेवताना टिश्यू पेपरवर आकडे, आंघोळीतून ओरडून सांगायचा की सापडलं, आणि पाच मिनिटांनी परत नाही नाही चुकलं. निवड झाली नाही, दोन दिवस गप्प होता. मग त्याच गणितांमधलं एक जे अर्धवट राहिलं होतं ते घेऊन पूर्ण समर घरी बसला, शाळेतले सर आठवड्यातून एकदा बघून द्यायचे. त्या सरांनीच नंतर कॉलेजच्या अर्जासाठी रेकमेंडेशन लिहिलं. आणि हो, अशा प्रोग्राम्सच्या तारखा साधारण डिसेंबर ते मार्चमध्ये असतात, एप्रिलमध्ये जागे झालात तर उशीर होतो.

* * *

सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचलं. काल रात्री मुलाला विचारलं, कुणी काही सांगितलं नाही तर जूनमध्ये काय करशील? म्हणाला, पहाटे तळ्यावर जाईन. शनिवार-रविवारी पाचला उठून पक्षी बघायला जातो ते माहीत होतं, पण दोन वर्षांच्या नोंदी ईबर्डवर (पक्षी पाहिल्याच्या नोंदी ठेवायची वेबसाइट) आहेत, तारीख वेळ संख्या सगळं, हे मला काल कळलं. मी त्याला झोप पूर्ण कर म्हणून ओरडत होते. आज त्याने स्वतः पक्षीगणना करणाऱ्या एका ग्रुपला मेल लिहिला, मी फक्त स्पेलिंग बघितलं. उत्तर आलं की इथे कळवते.