मदत हवी आहे: साउंड रेकॉर्डिंग शिकायचंय, एफटीआयआय की प्रायव्हेट डिप्लोमा की स्टुडिओत उमेदवारी?

नमस्कार मंडळी, इथे साउंडमधले बरेच जण आहेत असं जुन्या धाग्यांवरून दिसलं म्हणून लिहितेय, थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

मी मिरजेची, सांगलीला बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर सतारमेकर गल्लीजवळ, त्यामुळे शाळेतून येता-जाता तंबोरे जुळवल्याचा आवाज कानावर पडतच मोठी झाले. गेल्या वर्षी शिकवणीच्या पैशातून दोन इनपुटचा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) आणि एक सेकंडहँड कंडेन्सर माइक घेतला, रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवर काम करते. ओळखीचे एक कारागीर काका आहेत, तंबोरा तयार झाला की गिऱ्हाईकाला आवाज ऐकवायला त्यांना क्लिप लागते, ती मी करून देते. पहिली क्लिप मोबाइलवर केली होती, काकांनी ऐकली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "अगं ही जवारी नव्हं, डास गुणगुणतोय." जवारी म्हणजे घोडीवर तार टेकून उमटणारी तंबोऱ्याची ती गुंजती झार. तेव्हापासून हे नीट शिकायचंच असं डोक्यात बसलंय.

आता प्रश्न. पुण्याच्या एफटीआयआयला (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट) साउंडसाठी कुठलीही पदवी चालते पण बारावीला फिजिक्स लागतं, ते माझं आहे. तिथे फिल्म विंगचा तीन वर्षांचा कोर्स आहे आणि टीव्ही विंगचा एक वर्षाचा, पण मला सिनेमापेक्षा वाद्यं आणि गाणं रेकॉर्ड करण्यात जास्त रस आहे, मग तीन वर्षं तिथे द्यावीत का? बाबांचा कल तिकडेच आहे, साउंड डिझायनर रसूल पुकुट्टी तिथलेच आणि त्यांना २००९ ला ऑस्कर मिळालं हे सांगितल्यापासून तर जास्तच. दुसरं म्हणजे मुंबईतला एक वर्षाचा प्रायव्हेट डिप्लोमा. एका ठिकाणी जाऊन बघून आले, फी साडेचार लाख, राहायचं वेगळं, मिक्सिंगचा मोठा कन्सोल एकच आणि बॅचला ३५ मुलं. मी विचारलं की तबला किंवा सारंगीला माइक कसा लावायचा हे शिकवता का, तर म्हणाले त्याचे सॅम्पल मिळतात की आता. मला फार वाईट वाटलं ते ऐकून. तिसरा मार्ग, कोल्हापूर-पुण्यात एखाद्या स्टुडिओत असिस्टंट म्हणून राहायचं, पण तिथे मुलीला घेतात का, रात्रीची सेशन्स असतात, घरचे त्यालाच घाबरतात.

आणि एक टेक्निकल अडचण पण आहे. परवा काळी एकचा (पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून जुळवलेला) मर्दानी, म्हणजे पुरुष गायकांसाठीचा तंबोरा रेकॉर्ड केला, माइक घोडीसमोर (तारा टेकतात ती पट्टी) साधारण सहा इंचावर, पंखा बंद, दार बंद. जवारी छान येते पण खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची तार अगदी पोकळ वाटते, खोलीत बसून ऐकताना पोटात जाणवतो तो आवाज क्लिपमध्ये नाहीच. सॉफ्टवेअरमधल्या इक्यूने खालचे आवाज वाढवून बघितलं तर नुसतं घूं घूं होतं. काय चुकतंय?

प्रतिसाद

आधी तंबोऱ्याचं. माइकच्या अंगावर लो-कटचा (खालचे आवाज कापणारा) स्विच आहे का बघ, सेकंडहँड माइकवर तो बरेचदा ऑन राहिलेला असतो. काळी एकचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झला येतो आणि स्विच ८० किंवा १०० ला कापतो, म्हणजे तारेचा मूळ स्वरच गेला, राहिले फक्त वरचे स्वरांश. जे गेलंय ते इक्यूने परत येत नाही, खोलीची घूं घूं तेवढी वाढते. शिवाय सहा इंच फार जवळ आहे, तंबोरा नुसता घोडीतून वाजत नाही, भोपळा आणि तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) मिळून वाजतो. दीड-दोन फूट मागे ये आणि माइकच्या पाठीमागे भिंतीला जाड गोधडी टांग.

कोर्सचं म्हणशील तर मी पुण्यात स्टुडिओत काम करतो त्यावरून सांगतो. एफटीआयआयचे तीन वर्षांचे शिक्षण मुळात सिनेमाचं आहे, लोकेशन साउंड, डबिंग, मिक्सिंग वगैरे, पण कान आणि शिस्त तिथे तयार होते ती गाण्यालाही लागतेच. फिजिक्स झालंय तर प्रवेश परीक्षा नक्की दे. प्रायव्हेटला पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचार, कन्सोलवर मी एकटी आठवड्याला किती तास बसणार, आणि ते लेखी माग. स्टुडिओचं म्हणशील तर आमच्याकडे दोन मुली असिस्टंट आहेत, दिवसाची सेशन्स ठरवून घेतात, घरच्यांना एकदा स्टुडिओ दाखवायला घेऊन ये म्हणजे भीती जाते.

धागाकर्ती

दादा, स्विच ऑनच होता!! वर्षभर तसाच रेकॉर्ड करत होते मी. आत्ता बंद करून दीड फुटावरून घेतलं आणि काकांना पाठवलं, त्यांचा लगेच फोन, "आता भोपळा बोलतोय." खूप खूप आभार. प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरतेय. परीक्षेच्या साउंडच्या भागात नक्की काय वाचायचं, कुणी अलीकडे दिली असेल तर सांगाल का? आणि मे महिन्यात महिनाभर दिवसाचं काम देणारा पुण्यातला स्टुडिओ असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, बाबांना घेऊन येते.