सात माणसं, साताऱ्याचे घाट आणि १५ लाख : कोणती गाडी?

गोडोलीकर
घरात सात जण. आई-वडील सत्तरीच्या आसपास, आम्ही दोघं आणि मुलं १२, ८ आणि ४ वर्षांची. रोजचं फिरणं साताऱ्यातच, १० किलोमीटरच्या आत. महिन्यातून दोनदा पाटणजवळ गावी आणि वर्षातून एक-दोनदा कुंभार्ली घाटातून चिपळूण. महिन्याला साधारण ६०० किलोमीटर होतात. बजेट ऑन-रोड १५ लाख. अर्टिगा (पेट्रोल की सीएनजी?), कॅरेन्स डिझेल आणि बोलेरो निओ डोक्यात आहेत. आईचे गुडघे दुखतात, तेवढं लक्षात घेऊन सांगा.

घाटवाट
दादा, बोलेरो निओ आधी बाजूला ठेवा. गाडी दणकट आहे आणि चार मीटरच्या आत बसते म्हणून जीएसटीही कमी लागतो. पण मागची सीटं आडवी, एकमेकांकडे तोंड करून आहेत. घाटात अचानक ब्रेक लागला तर तिथलं मूल बाजूला फेकलं जातं, पाठीला आधार मिळत नाही. मुलं रोज मागे बसणार असतील तर सीट समोर बघणारी आणि तीन ठिकाणी बांधणाऱ्या बेल्टचीच हवी. इथे तडजोड करू नका.

आता डिझेल. रोजच्या १० किलोमीटरसाठी बीएस-६ (सध्याच्या प्रदूषण नियमांतलं) डिझेल घेऊ नका. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ती काजळी जळायला इंजिन चांगलं तापून गाडी सलग २०-२५ मिनिटं हायवेच्या वेगात पळावी लागते. पोवई नाका ते राजवाडा अशा फेऱ्यांत ते होत नाही. मग डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागतो, दुर्लक्ष केलं की पिकअप पडतो आणि शेवटी वर्कशॉप.

हिशोबही मांडून बघा. वर्षाला ७,२०० किलोमीटर, पेट्रोल १३ चं आणि डिझेल १७ चं ॲव्हरेज, भाव १०५ आणि ९१ रुपये धरला तर वर्षाला सुमारे साडेएकोणीस हजार वाचतात. गाडीच्या किमतीत दीड लाखाचा फरक असेल तर तो फिटायला साडेसात वर्षं लागतील. शिवाय आपल्याकडे डिझेलला रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त.

मिरजवाली
इंजिनाच्या आधी सीटांचं ठरवा. शोरूमला सातही जणांना न्या, चार वर्षांच्या बाळाची सीटसुद्धा. आधी मधली रांग आजोबांच्या गुडघ्याप्रमाणे सरकवा, मगच १२ वर्षांच्या मुलाला मागे बसवा. उलट क्रमाने केलं की मागे भरपूर जागा वाटते आणि फसगत होते.

बाळाची सीट कुठे लावायची हे फार जण विसरतात. मागे जायची वाट डाव्या दाराने, मधली सीट दुमडून. तिथेच बाळाची सीट आयसोफिक्सला (गाडीच्या सीटमधल्या लोखंडी कड्यांना) अडकवली तर ती सीट दुमडता येत नाही, मोठी मुलं मागे जाणार कशी? म्हणून बाळ उजवीकडे, ड्रायव्हरच्या मागे. पण मग आजी-आजोबा आणि बाळाची सीट अशी तीन जणांची मांडणी मधल्या रांगेत येते. अर्टिगाची रुंदी १,७३५ मिलिमीटर, कॅरेन्सची १,८००. खांद्याला खांदा लागतो तिथे एवढा फरकही कळतो. आजोबा पुढे बसले तरी मधे तिघंच राहतात, फक्त आजोबांची दाटी वाचते.

आजींसाठी सीटची उंची त्यांच्या मांडीच्या उंचीएवढी हवी, म्हणजे नुसतं वळून बसता येतं. स्कॉर्पिओसारख्या उंच गाडीत पायरीवर एका गुडघ्यावर सगळा भार येतो. अर्टिगा आणि कॅरेन्स दोन्ही याबाबतीत सोप्या.

गोडोलीकर
ताई, बाळाच्या सीटचं डोक्यातच नव्हतं. मग सीएनजीचं काय? घाटात चढेल का?

स्पॅनर_१०
चढेल, पण भरल्या गाडीत दमून. अर्टिगा पेट्रोलवर १०३ हॉर्सपॉवर, सीएनजीवर ८८. तुमचं वजन मोजा: चार मोठे धरून २६०, मुलं ८०, सामान ६०, म्हणजे ४०० किलो. कुंभार्लीच्या वळणावर तिसऱ्या गिअरमध्ये रेटत बसू नका, वेळेवर दुसरा टाका आणि इंजिन ३,५०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) वर फिरू द्या. आवाज वाढतो, इंजिनाला काही होत नाही. खरं नुकसान हाफ क्लचवर गाडी धरून ठेवल्याने होतं. क्लचचा जळका वास यायला लागला की समजायचं प्लेट घासली.

सीएनजीची मोठी अडचण डिकीची आहे. तिन्ही रांगा उभ्या असताना अर्टिगाला २०९ लिटरच जागा, त्यात टाकी आली की गावाहून २५ किलोचं तांदळाचं पोतं आणलं तर बॅगा मुलांच्या पायाशी जातात. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी. तुमच्या ६०० किलोमीटरला साधं पेट्रोलच बरं. अर्टिगा किंवा कॅरेन्सचं १.५ पेट्रोल, दोन्ही बजेटमध्ये बघता येतील. सहा एअरबॅग आहेत याची खात्री तेवढी करून घ्या.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. सारखा ब्रेक दाबून ठेवला की ब्रेक ऑइल उकळून पेडल खाली जातं. ते ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदला, गाडी कमी चालली तरी. आणि गावी निघायच्या आदल्या दिवशी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर फुल लोडचा जो आकडा आहे तेवढी हवा मागच्या टायरला भरा.