स्वयंपाकघरातले चटके : तुमचे अनुभव लिहा

आषाढीला साबुदाणावडे तळत होते. एक वडा कढईत फट्‌कन फुटला आणि तेल मनगटापासून कोपरापर्यंत उडालं. चूक माझीच. साबुदाणा घाईत भिजवलेला, मधे टणक दाणे राहिलेले. हात नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरला, घड्याळ बघून वीस मिनिटं. तेवढ्यात सासूबाई हळद घेऊन आल्या, शेजारच्या काकू टूथपेस्ट. दोघींना 'नको' म्हणणं भाजण्यापेक्षा अवघड गेलं! शेवटी एकच फोड आला. तुमच्याकडे काय घडलंय? ऐकीव नको, स्वतःचं लिहा.

•

तेल तापत ठेवून फोन घ्यायला गेले. परत येते तर धूर, आणि बघता बघता कढईनेच पेट घेतला. ह्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, मी किंचाळले. पाणी तेलाच्या तळाशी जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि पेटतं तेल उसळून वर येतं. गॅस बंद केला, स्टीलची परात बाजूने सरकवत कढईवर झाकली. अर्धा तास कोणाला हात लावू दिला नाही. कढई उचलून मोरीत न्यायचा मोहही झालेला. छतावरचा काळा डाग अजून आहे, पाहुणे विचारतात.

•

पुरण घाटताना हाताला नॅपकिन गुंडाळा. रटरटायला लागलं की त्याचे गोळे उडतात आणि चिकटून बसतात. बाकी काही नाही.

•

पहाटे दूध तापवायला उठलो तर गॅसचा वास. लाइट लावायला हात गेलाच होता, आईने अंधारातून हाक मारली, "बटणाला हात लावू नकोस रे!" रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, त्यामुळे नुसत्या वरच्या खिडकीने भागत नाही. मग १९०६ला, म्हणजे गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला, फोन लावला, तोही जिन्यात जाऊन. आणि मी दाराबाहेर उभा, कारण दूधवाला येऊन बेल दाबेल आणि ठिणगी उडेल ही धास्ती. नळी तडकली होती. तिच्यावर छापलेली मुदत कधीच उलटून गेलेली, आम्ही वाचलीच नव्हती.

•

ओल्या फडक्याने तापलेला तवा धरला. फडक्यातल्या पाण्याची वाफ झाली, तीन बोटं गेली कामातून. तेव्हापासून सांडशी खिळ्याला, ओट्याच्या बरोब्बर वर.

(पण सांडशी घ्यायला पेटत्या शेगडीवरून हात न्यावा लागत नाही ना? आमच्याकडे मसाल्याचे डबे तसे होते. एकदा ओढणीचं टोक पेटलं, मग डबे हलवले.)

•

धागाकर्तीकडून : सासूबाईंनी सगळं वाचलं. हळदीबद्दल अजून अबोला आहे, पण सकाळी चष्मा लावून ओट्याखाली बसल्या होत्या, नळीवरची तारीख शोधत.