घरी काय पाहिलंत? आणि 'पर्फेक्ट डेज' फक्त मलाच खटकला का?

रिकामी_खुर्ची

हल्ली रात्रीची आवराआवर झाली की सासूबाई, हे आणि मी असे तिघं टीव्हीसमोर बसतो. निवड माझी, तक्रारी त्यांच्या.

'कोर्ट' (चैतन्य ताम्हाणे, २०१४) थिएटरात पाहिला होता, आता घरी पुन्हा लावला. थिएटरात माझं सगळं लक्ष आरोपी लोकशाहीर नारायण कांबळेंवर होतं. त्यांचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला, हा आरोपच असा अचाट की बाकीचं मागे पडतं. घरी मात्र सासूबाईंनी सरकारी वकीलबाईंना धरलं. गीतांजली कुलकर्णी कोर्टातून निघते, मुलाला आणते, आल्या आल्या स्वयंपाकाला लागते. "दमलीय गं बाई," सासूबाई म्हणाल्या. आणि हीच बाई सहकाऱ्यांशी गप्पा मारताना म्हणते की तेच तेच चेहरे बघून कंटाळा आलाय, जजनी एकदाची वीस वर्षं देऊन टाकावीत. त्यावर सासूबाई गप्प. मोठ्या पडद्यावर मी तिच्यावर चिडले होते. घरी ती इतकी आपल्यातली वाटली की चिडायला जागाच उरली नाही, आणि ते जास्त भीतीदायक आहे.

(शेवटाकडे कोर्टातले दिवे बंद होतात आणि पडदा काळा होतो, तेव्हा ह्यांनी लगेच रिमोट उचलला. मी ओरडले, "थांबा, अजून जजसाहेबांची सुट्टी राहिलीय!" पहिल्यांदा बघणाऱ्यांनी कृपया रिमोट लांब ठेवावा.)

मग त्याच आठवड्यात विम वेंडर्सचा 'पर्फेक्ट डेज' (२०२३) लावला. टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करणारा हिरायामा. पहाटे उठतो, झाडांना पाणी घालतो, गाडीत जुन्या कॅसेट लावतो, दुपारी झाडांतून येणाऱ्या उन्हाचे फोटो काढतो. कोजी याकुशोला कान महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं, आणि त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण ती स्वच्छतागृहं! एकेक म्हणजे वास्तुकलेचा नमुना. हा माणूस नेमकं साफ काय करतोय, हा ह्यांचा प्रश्न. 'कोर्ट'मध्ये मेलेल्या कामगाराची बायको साक्षीत सांगते की गटारात झुरळ दिसलं तरच तो खाली उतरायचा, कारण झुरळ जिवंत म्हणजे आत हवा आहे. हे ऐकल्यावर चारच दिवसांत कुणी सफाईच्या कामातली शांती दाखवायला लागलं तर पोटात ढवळतं. सिनेमा सुंदर आहे, मान्य. मला ते सौंदर्यच पटत नाहीये.

तुम्हाला काय वाटलं? आणि घरी पाहताना कुठला सिनेमा वेगळाच निघाला?

उलटी_रीळ

'कोर्ट'बद्दल शंभर टक्के सहमत. 'पर्फेक्ट डेज'बद्दल अजिबात नाही. (स्पॉयलर आहेत.)

तुम्ही हिरायामाची बहीण विसरलात. ड्रायव्हर असलेल्या गाडीतून भाचीला न्यायला येते आणि विचारते, तू खरंच संडास साफ करतोस? म्हणजे हा माणूस पैशाच्या घरातून आलाय आणि त्याने हे आयुष्य निवडलंय. ती गेल्यावर तो रडतो. त्याच्याबरोबर काम करणारा सोबती नोकरी सोडून जातो, तेव्हा दुप्पट पाळी अंगावर पडते आणि हा फोनवर भडकतो की रोज हे जमणार नाही. शांती कुठली, तो रोज ती ओढूनताणून आणतोय. शेवटी गाडी चालवताना चेहऱ्यावर हसू आणि रडू एकाच वेळी येतं, तिथे मी तरी जागचा हललो नाही.

दोन देशांतलं एकच काम म्हणून तुलना ओढवते, पण 'कोर्ट' व्यवस्थेवर आहे आणि हा एका माणसाच्या लपण्यावर.

तानपुरा_सुरात_हवा

घरी उलटा निघालेला सिनेमा: 'द डिसायपल' (२०२०, दिग्दर्शक पुन्हा ताम्हाणेच). शास्त्रीय गाणं शिकणारा शरद रात्री बाइकवरून स्लो मोशनमध्ये जातो, कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंचं ध्वनिमुद्रण आणि खाली तानपुरा. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा. टीव्हीच्या आतल्या स्पीकरवर तानपुरा म्हणजे नुसती भुणभुण झाली आणि अर्धा सिनेमाच गेला. दुसऱ्या रात्री हेडफोन लावून बघितला. माई संगीताबद्दल किती कठोर बोलतात आणि किती हळू, ते तेव्हा कळलं. तुमच्याकडे तिघं असतात, हेडफोन जमायचे नाहीत. निदान एखादा बाहेरचा स्पीकर जोडा.

आणखी एक. सगळं चित्र मालिकेसारखं गुळगुळीत दिसत असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये मोशन स्मूदिंग बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून भरतो. कंपनीगणिक त्याचं नाव वेगळं असतं, चित्राच्या सेटिंगमध्ये शोधावं लागतं.

बारावा_पंच

कोर्टाचा विषय निघालाय म्हणून: सिडनी ल्युमेटचा '१२ अँग्री मेन' (१९५७) आणि त्यावरूनच केलेला बासू चॅटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला' (१९८६) लागोपाठ पाहा. ल्युमेट कॅमेरा सुरुवातीला नजरेच्या वर ठेवतो आणि हळूहळू खाली आणतो, शेवटी छतही दिसायला लागतं आणि खोली अंगावर येते. हिंदीत पंकज कपूर सगळ्यांवर तुटून पडतो ते बघण्यासारखं, आणि तिशीतला अन्नू कपूर म्हाताऱ्याच्या भूमिकेत आहे. फक्त १९७३ च्या फौजदारी संहितेत ज्युरीला, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाला, जागाच ठेवली नाही, त्यामुळे १९८६ चे हे बारा जण कुठून आले, हे विचारायचं नाही.

रिकामी_खुर्ची

@तानपुरा, मोशन स्मूदिंग चालूच होतं! 'कोर्ट'चे ते लांबच लांब स्थिर शॉट ह्यांना "मालिकेसारखे" का वाटले, ते आत्ता कळलं. बंद केलं.

@उलटी_रीळ, बहिणीचा प्रसंग विसरले नव्हते, माझी अडचण तिथेच सुरू होते. हिरायामा निवडू शकतो. गाडीतून आलेली बहीण उद्या त्याला घरी न्यायलाही तयार आहे. झुरळ बघून खाली उतरणाऱ्याला कोण न्यायला येणार? लपण्यावरचा सिनेमा म्हणालात ते पटलं, पण लपायला त्याने हेच काम का निवडलं, हे सिनेमा विचारत नाही. फोनवर भडकतो तो प्रसंग मला सगळ्यात आवडला आणि लगेच दुसऱ्या दिवशी बदली कामगार येऊन ते मिटतंही. तिथे आणखी दहा मिनिटं थांबायला हवं होतं.

सासूबाईंना मात्र हिरायामा फार आवडला. त्यांचं म्हणणं, जो माणूस स्वतःचं अंथरूण स्वतः घडी करतो त्याच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. हे ऐकून हे उठून आत गेले.

'एक रुका हुआ फैसला' शनिवारी लावते.