गाडीच्या एसीचा थंडावा कमी झाला, तर १३४ए (एसीत थंडाव्यासाठी भरतात तो नेहमीचा गॅस) च्या जागी हायड्रोकार्बन गॅस भरावा का?

गेज-मॅनिफोल्ड: माझं मत, भरावा. ४०० ग्रॅम १३४ए लागणाऱ्या गाडीत प्रोपेन-आयसोब्युटेनचं मिश्रण १५० ग्रॅमच्या आसपास पुरतं. कंप्रेसरचं पॅग तेल तेच चालतं, कंप्रेसरवर ताण कमी येतो. १३४ए ची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट, याची जेमतेम तीन पट. घरच्या फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतोच की.

ओ-रिंग: फ्रिजचं उदाहरण इथे लागू होत नाही. तिथे साधारण ५० ग्रॅम गॅस आणि ब्रेझिंग केलेले (धातू वितळवून पक्के जोडलेले) सांधे. गाडीत रबरी होज, कंप्रेसरचं शाफ्ट सील आणि वर इंजिनाची थरथर, म्हणजे गळती कधी ना कधी होणारच. आता हिशोब करा: प्रोपेन हवेत २.१ टक्के झाला की पेट घेतो, म्हणजे घनमीटरला ३८-४० ग्रॅम. छोट्या गाडीची केबिन अडीच घनमीटर धरली तर १०० ग्रॅम पुरे. तुम्ही भरताय १५०.

गेज-मॅनिफोल्ड: सगळा गॅस एकदम थोडाच सुटतो? शिवाय गाडीत ३५ लिटर पेट्रोल असतंच.

ओ-रिंग: पेट्रोलची टाकी केबिनबाहेर असते, कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत. कॉइलच्या शेजारीच ब्लोअरची मोटर आणि रेझिस्टर. रेफ्रिजरंट (थंडाव्यासाठी वापरायच्या गॅसच्या) दर्जाच्या प्रोपेनला वास नसतो आणि तो हवेपेक्षा जड, त्यामुळे काचा बंद करून रात्रभर उभ्या गाडीत तो पायाशी साचतो. तिथे २.१ टक्के व्हायला १०० ग्रॅमसुद्धा लागत नाहीत.

ड्रायर-बाटली: मुळात थंडावा कमी झाला म्हणून गॅसची जात बदलणं हेच मला पटत नाही. गळती शोधा. १० बार नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावा. आधी सर्व्हिस व्हॉल्व्हची पिन, मग कंडेन्सरचे सांधे. सांध्यांतल्या ओ-रिंगा एचएनबीआर रबराच्याच घ्या. मग पंपाने व्हॅक्यूम ३० ते ४५ मिनिटं. पुण्यात गेजचा काटा २८ इंचांच्या आसपास थांबतो, तो उंचीमुळे. पंपाला दोष देऊ नका. मग पंप बंद करून काटा परत येतो का ते बघा. गॅस वजनकाट्यावर भरा. उरलेल्या १३४ए वर हायड्रोकार्बनची टॉपअप तर कधीच नको: मिश्रणाचं प्रेशर वाचून काहीच कळत नाही आणि पुढच्या गॅरेजचं रिकव्हरी मशीनही (जुना गॅस काढून घेणारं) बिघडतं.

पद्मिनीप्रेमी: जुन्या, एसीत आर१२ गॅस असलेल्या गाड्यांना मात्र बदल करावाच लागतो.

ड्रायर-बाटली: तिथे १३४ए योग्य, पण नुसता गॅस बदलून भागत नाही. जुनं खनिज तेल त्यात विरघळत नाही. कॉइलमध्ये साचतं आणि कंप्रेसर कोरडा पडून जाम होतो. सिस्टिम फ्लश करून धुवा, एस्टर तेल घाला, नवा ड्रायर (ओलावा शोषणारी बाटली) लावा. गॅस मूळ वजनाच्या ८० ते ८५ टक्के.

गेज-मॅनिफोल्ड: टॉपअपचं मान्य. पण पूर्ण रिकामी केलेली सिस्टिम, नवं शाफ्ट सील आणि बॉनेटखाली ज्वालाग्राही गॅसचं लेबल असेल, तर माझा आग्रह कायम आहे.

ओ-रिंग: लेबल बॉनेटखाली असतं, गॅस डॅशबोर्डखाली सुटतो.