वनस्पतिशास्त्राच्या आरंभीच्या छापील ग्रंथांचे श्रेय मिशनऱ्यांचे का?

मूळ मत:
छपाई भारतात धर्मप्रसारासाठी आली, हे मान्यच आहे. मात्र तिने वनस्पतिशास्त्रावर केलेल्या उपकारांची नोंद आपण फार कद्रूपणे घेतो. जेझुइट या कॅथलिक मिशनरी पंथामुळे १५५६ साली गोव्यात छापखाना सुरू झाला आणि सातच वर्षांत, १५६३ मध्ये, गार्सिया द ओर्ता यांचा औषधी वनस्पतींवरील संवादरूप ग्रंथ गोव्यातच छापला गेला. पुढे बंगालमधील सेरामपूरला इंग्रज मिशनरी विल्यम केरी यांनी, १८१५ मध्ये वारलेले वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांचा भारतीय वनस्पतींवरील ‘फ्लोरा इंडिका’ संपादित करून १८२० पासून मिशनच्या छापखान्यातून काढला. हे काम बायबलच्या भाषांतरांइतकेच निष्ठेने झाले, असे माझे मत आहे.

प्रतिसाद:
ओर्ता यांचे उदाहरण आपल्याच मताच्या विरोधात जाते. ते मिशनरी नव्हते. ज्यू वंशातून ख्रिस्ती झालेल्या घराण्यातले वैद्य होते, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १५८० साली गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंडाचा छडा लावणाऱ्या चर्चच्या न्यायासनाने, त्यांच्या अस्थी उकरून जाळल्या. ज्या शहराने ग्रंथ छापला त्याच शहराने हेही केले.
श्रेयाचेच बोलायचे तर मलबारच्या (केरळ किनाऱ्याच्या) वनस्पतींवरील ‘होर्टस मलबारिकस’ पाहावा. १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला बारा खंडांत निघालेल्या या ग्रंथाच्या पहिल्याच खंडात मलबारचे वैद्य इट्टी अच्युतन यांचे निवेदन आहे, शिवाय रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट यांचे नागरी लिपीतील कोंकणी पत्रही आहे. तो करवणारा व्हान ऱ्हीड डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी होता, धर्मोपदेशक नव्हे. माहिती देणाऱ्यांची नावे छापणे सतराव्या शतकात शक्य होते, तर रॉक्सबर्ग यांच्यासाठी हजारो चित्रे काढणारे भारतीय चित्रकार बहुतांशी निनावी का राहिले?

मूळ लेखकाचे उत्तर:
ओर्तांबाबत माझी चूक झाली, ती मान्य करतो. परंतु ‘होर्टस’साठी सुरुवातीची चित्रे मॅथ्यू नावाच्या कार्मेलाइट (एका कॅथलिक पंथाच्या) साधूनेच काढली होती, हे आपण वगळलेत. शिवाय केरी यांनी १८१४ मध्ये छापलेल्या ‘होर्टस बेंगालेन्सिस’ या वनस्पतींच्या यादीमध्ये त्यांची देशी नावेही दिली आहेत.

प्रतिसाद:
ती चित्रे नंतर बाजूला ठेवली गेली. आणि देशी नावे दिली ती झाडांची. ती नावे कोणी सांगितली, हा माझा प्रश्न तसाच राहतो.

आणखी एक मत:
दोघेही लेखक-संपादकांवरच भांडत आहात. सेरामपूरच्या छापखान्याचे खिळे (छपाईची अक्षरे) घडवणारे पंचानन कर्मकार होते; त्यांच्या कौशल्यावाचून केरी यांची देशी लिपींतली एकही ओळ जुळली नसती.